बर्फातला शिमगा

संगीतावर परीक्षण लिहायचं झालं की मराठी माणसाजवळ शब्दांचा एक तयार डबा असतो. गळा ‘कमावलेला’, तान ‘दाणेदार’, लय ‘डौलदार’, तबल्याची साथ ‘समर्पक’ आणि पेटीची ‘अनुरूप’. या एका डब्यावर आमच्याकडे कित्येक परीक्षकांचे संसार चालले. नॉर्वे देशातल्या ‘मेहेम’ नावाच्या बँडची ‘डेथक्रश’ ही पहिली ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर मीही तो डबा उघडला आणि एकेक शब्द लावून पाहिला. एकही बसेना. गळा कमावलेला नव्हे, गमावलेला होता. दाणे होते, पण गिरणीत पडलेले. आणि साथ समर्पक होती असं एक वेळ म्हणता आलं असतं, पण कोण कोणाची साथ करतंय हेच शेवटपर्यंत कळलं नाही.

ही मुद्रिका निघाली १६ ऑगस्ट १९८७ ला. तुकडे एकंदर सात, आणि सगळे मिळून अठरा मिनिटांच्या आसपास. आमच्याकडे अठरा मिनिटांत गवयाचा तंबोरासुद्धा धड जुळत नाही. इथे तेवढ्यात जगाचा अंत होऊन गेलेला असतो.

आता हे माझ्यापर्यंत आलं कसं? मी राहतो हिंजवडीला. पेठेतला वाडा बिल्डरच्या ताब्यात गेला आणि मुलाच्या नोकरीमागोमाग आम्ही दोघं इथे चौदाव्या मजल्यावर येऊन पडलो. ही मुद्रिका निघाली त्या साली हिंजवडी म्हणजे शेतं, ओढे आणि एसटीची वाट बघणारी माणसं. आयटी पार्क आला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. आज इथे शांतता ही वस्तू फक्त इमारतींच्या जाहिरातीत मिळते. समोर बोअरचं मशीन, खाली टँकर, पलीकडे काँक्रीटची गाडी मागे घेताना वाजणारी ती किरकिरी शिट्टी, आणि कुठल्या ना कुठल्या मजल्यावर फरशी कापणारा एक तरी कारागीर. अशा ठिकाणी कान तयार होतात, पण ते ख्यालाला नव्हे.

माझा भाचा इथेच एका कंपनीत रात्रपाळी करतो. दिवसा झोपतो, रात्री अमेरिकेला जागं ठेवतो. शब्द खर्च करण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी मुलगा. तो एका रविवारी ‘डेथक्रश’च्या कुठल्याशा नव्या आवृत्तीची तबकडी घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, हे ऐक. आणि मधे बोलू नकोस.” सुई टेकली. मिनिटा-दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, “वरच्यांनी पुन्हा फरशी कापायला काढली वाटतं?” भाचा गंभीरच होता. पुढे मधेच क्षणभर शांत झालं तेव्हा ही बाहेर आली आणि म्हणाली, “झालं का त्यांचं, की पाणी मारताहेत?”

हिची ही टीका मी आजवर वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा अचूक आहे असं माझं मत आहे. गिटारचा तो आवाज खरोखरच ओल्या दगडावर पातं फिरावं तसा आहे. बास तर त्याहून खरखरीत. बोअरचं मशीन मुरमातून काळ्या पाषाणाला लागलं की जो स्वर काढतं, त्याच्या जवळपासचा. भाच्याचं म्हणणं असं, की आवाज मुद्दाम असा ठेवलेला आहे. माझा यावर विश्वास नाही. फेब्रुवारी-मार्च १९८७ मध्ये ऑस्लोजवळच्या कोल्बोत्न गावात एका लहान स्टुडिओत अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी हे ध्वनिमुद्रण केलं. खिशात होते तेवढे पैसे, हातात होतं तेवढं कसब. मुद्दाम वाईट वाजवायला आधी चांगलं वाजवता यावं लागतं. ‘मुद्दाम’ ही भानगड नंतरची. पुढे १९९४ मध्ये, याच कोल्बोत्नच्या ‘डार्कथ्रोन’नं ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ ही मुद्रिका घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर केली, तोवर खरखर हीच शुद्धता ठरलेली होती. आपल्याकडेही असं होतं. एखाद्या बुजुर्गाला खोकला होतो म्हणून तो मधे थांबतो आणि दोन पिढ्यांनंतर शिष्य तिथे श्रद्धेनं खोकतात. अडचणीचं घराणं झालं, दुसरं काय!

नावांचा विषय निघाला तर तिथे मात्र मी हात टेकले. आमचे नारायणराव राजहंस बालगंधर्व झाले. रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, सौदागर गोरे छोटा गंधर्व झाले आणि शिवपुत्र कोमकली कुमार गंधर्व झाले. म्हणजे माणूस गायला लागला की वरच्या लोकात बढती मिळायची. नॉर्वेत उलटी दिशा. इस्टिन ऑर्सेथ या गिटारवाल्यानं प्रेतं खाणाऱ्या ग्रीक पिशाच्चाचं नाव वळवून ‘युरोनिमस’ असं घेतलं. बास वाजवणारा यॉर्न स्टुबेरुड झाला ‘नेक्रोबुचर’, म्हणजे मढ्यांचा खाटीक. गाणाऱ्याचं नाव ‘मॅनियाक’, पाहुणा गायक ‘मसाया’. ड्रमवाला क्येतिल मॅनहाइम तेवढा आपल्या आडनावावर राहिला. यानं आईवडिलांना विचारलं असावं. कंपनीचं नावही घरगुतीच, ‘पोझरकॉर्प्स म्युझिक’. भाषांतर करायचं तर ‘ढोंग्याचं मढं प्रकाशन’. आपल्याकडे असं नाव घेऊन कोणी परवाना मागायला गेला असता, तर समोरच्या कारकुनानं नुसतं चष्म्यावरून पाहिलं असतं.

बँडचं ‘मेहेम’ हे नावही उसनं. इंग्लंडात न्यूकॅसलला ‘व्हेनम’ म्हणून एक बँड होता. १९८२ च्या त्यांच्या मुद्रिकेचं नाव ‘ब्लॅक मेटल’. या सगळ्या पंथाला नाव तिथून मिळालं आणि मेहेमला त्यांच्याच एका गाण्यातून. डेथक्रशमध्ये व्हेनमचं ‘विचिंग अवर’ हे गाणं आहे ते म्हणजे गुरुवंदना. पण या पोरांच्या कुंडलीत दुसरा एक ग्रह आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे पंक. १९७६-७७ च्या सुमाराला लंडनमध्ये पंकवाल्यांनी एक सिद्धांत मांडला, की तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढायला हरकत नाही. आपली पद्धत अशी, की बारा वर्षं शिकायचं, मग गुरू म्हणतील तेव्हा त्यांच्या मागे बसून तंबोरा छेडायचा. त्यांची पद्धत अशी, की आधी वाजवायला लागायचं, शिकणं मागून येईल, नाही आलं तरी कोणी वाट बघत नाहीये. डेथक्रशचा जीव या धसमुसळेपणात आहे. गाणी दोन-तीन मिनिटांची. मॅनहाइमचा ड्रम कुठे एक मात्रा पुढे पळतो, गिटार ती पकडायला धावते, आणि दोघांची गाठ समेवर पडते तेव्हा त्यांनाच आनंद झालेला ऐकू येतो. पुढच्या काळातला ब्लॅक मेटल यापेक्षा कितीतरी तयारीचा आहे. पण चार मित्र एका खोलीत जमले आहेत आणि बाहेर बर्फ पडतंय, ही गोष्ट इतकी स्पष्ट पुन्हा ऐकू येत नाही.

आणि उचापती तरी किती! सुरुवातीचा ‘सिल्वेस्टर अनफांग’ हा तुकडा यांचा नाहीच. तो कोनराड श्निट्झलर या जर्मन प्रयोगशील संगीतकाराचा. हा गृहस्थ ‘टँजरीन ड्रीम’च्या १९७० च्या पहिल्या मुद्रिकेत होता, आणि चित्र-शिल्पाच्या जगात योजेफ बॉइसचा विद्यार्थी. युरोनिमस त्याच्या घरी गेला आणि घरात घेईपर्यंत दाराबाहेर बसून राहिला. शेवटी घेतलं, आणि पुढे श्निट्झलरनं त्याला ही चीज दिली. अकरा वर्षांचे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घरातून पळाले होते, ही गोष्ट ज्या समाजात लहानपणी ऐकवतात, त्या समाजातल्या मला या पोराबद्दल इथे एकदम माया वाटली. तुकडाही गमतीदार आहे. नुसते ताल, कवायतीसारखे, यंत्रातून आल्यासारखे. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो, तो लांबून, पावसातून ऐकावा तसा. त्यानंतर एकदम फरशी कापायला सुरुवात.

छापल्या हजार प्रती. खपवायच्या कशा? टपालानं. त्या काळी या मंडळींचं एक जगभर पसरलेलं टपाली गोत्र होतं. कॅसेटी पाठवायच्या, कॅसेटी मागवायच्या. यातली एक युक्ती ऐकून मात्र माझी छाती भरून आली. पाकिटावरच्या तिकिटांवर साबणाचा किंवा गोंदाचा हात फिरवायचा. म्हणजे शिक्का त्या थरावर बसतो, पलीकडच्यानं तो धुऊन काढायचा आणि तिकिटं परत पाठवायची. सैतानाची उपासना करणाऱ्या माणसाचा हिशेब इतका चोख असू शकतो, हे आमच्या पेठेत कोणाला खरं वाटलं नसतं. किंवा फक्त आमच्याच पेठेत वाटलं असतं.

शब्दांबद्दल काही लिहावं असं नाही. एका गाण्याच्या नावातला अर्धा शब्द आणि दुसऱ्याच्या नावातला मधला शब्द इथे छापण्यासारखा नाही, आणि गाण्यांत जे आहे ते या नावांच्याही पलीकडचं आहे. आतडी, करवत, मढी. सुदैवानं मॅनियाकच्या किंचाळण्यातून एकही शब्द कळत नाही. नाट्यसंगीतात शब्द कळत नाहीत अशी तक्रार मी जन्मभर केली, इथे मी त्याबद्दल आभारी आहे. धारपांच्या भयकथा दिवा चालू ठेवून वाचलेल्या माणसाला यातलं भय म्हणजे फारच पोरकट. त्यात अंधार नाही, नुसती शिवी आहे.

पण शिवीवरून लिहिता लिहिता मला या मुद्रिकेची जागा सापडली असं वाटतं. हा शिमगा आहे! आमच्या लहानपणी होळीच्या रात्री एरवी पाढे म्हणणारी, बिनमिशांची पोरं तोंडावर हात मारून मारून बोंबलायची, वाड्यातल्या थोरामोठ्यांच्या नावानं शिव्या हासडायची, लाकडं पळवायची. अंगाला राख, तोंडाला काळं. कोणी रागावत नसे, कारण तो दिवसच त्याचा. शहाण्यासुरत्या, नीटनेटक्या समाजाला वर्षातून एकदा अशी मोरी उघडावी लागते. नॉर्वे हा देश तर फारच नीटनेटका. जगाला माहीत होता तो त्या गोड गळ्याच्या ‘अ-हा’ बँडमुळे. तिथे शिमगा नव्हता, तो या पोरांनी सुरू केला. डेथक्रश ऐकताना मला राखेत माखलेली, घसा बसलेली आणि मनातून भयंकर खूश असलेली पोरं दिसतात. म्हणून ही मुद्रिका मला आवडली. हो, आवडली. भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला माझी काळजी वाटली.

एका गोष्टीशी मात्र माझं जमत नाही, आणि ती ऐकण्याची नाही, बघण्याची आहे. मुद्रिकेचं वेष्टन. त्यावर दोन तुटलेले हात टांगलेले आहेत. चित्र नव्हे, फोटो. आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशातला असल्याचं सांगतात. रंग रक्ताचा लाल हवा होता, छापखान्यातून आला गुलाबी. या गुलाबी रंगावर बँडच्या भक्तांत आजवर पुष्कळ हसणं झालं आहे आणि तसं ते हसण्यासारखं आहेही. नरकाची जाहिरात बाळंतविड्याच्या रंगात! पण हसून झाल्यावर हात तिथेच राहतात. बाकी सगळं सोंग आहे. नावं सोंगाची, किंकाळ्या सोंगाच्या, करवतसुद्धा सोंगाची. हे हात तेवढे कोणाचे तरी आहेत. तो माणूस कुठला, त्याचं पुढे काय झालं, याची चौकशी त्या अठरा मिनिटांत कोणी केलेली नाही.

हे मला इतकं लागायचं कारण हिंजवडीतच आहे. दर चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, इथे म्हातोबाचं बगाड निघतं. हिंजवडीहून वाकडला जातं. गळकऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचतात आणि त्याला बगाडावर चढवतात. भंडारा उधळलेला, ढोल चाललेले, रस्त्याच्या कडेला गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली शेकडो माणसं हातातले फोन वर करून उभी. त्यांतल्या किती जणांच्या कानांत त्याच दिवशी सकाळी बसमध्ये डेथक्रशची नातवंडं-पतवंडं किंचाळत होती, देव जाणे. मला बगाड बघवत नाही, हे सरळ सांगतो. प्रथा चालावी की थांबावी यावर माझ्या घरातच दोन पक्ष आहेत. पण तिथे गळ ज्याच्या पाठीत जातो तो माणूस स्वतः पुढे आलेला असतो, त्याचं घराणं कुठलं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि तो खाली उतरेपर्यंत गावाचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्या फोटोतल्या हातांसाठी टांगणीला लागलेलं कोणी दिसत नाही. दुसऱ्याच्या अंगावर केलेला शिमगा आहे तो.

आणि पुढे नेमकं तेच वाढत गेलं. १९८८ मध्ये मॅनहाइम आणि मॅनियाक बाहेर पडले. स्वीडनहून नवा गायक आला, त्यानं नाव घेतलं ‘डेड’. बुद्धिमान, एकाकी, आजारी मनाचा मुलगा. एप्रिल १९९१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. युरोनिमसला तो सापडला तेव्हा त्यानं पोलिसांना कळवण्याआधी कॅमेरा आणला आणि फोटो काढले. त्यातला एक पुढे एका चोरट्या मुद्रिकेच्या वेष्टनावर आलाही. डेथक्रशच्या वेष्टनावर परक्याचे हात होते, चार वर्षांत कॅमेरा मित्रापर्यंत आला. त्याच साली युरोनिमसनं ऑस्लोत ‘हेल्वेटे’ म्हणजे ‘नरक’ या नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं. भोवती पोरं जमली, आणि ती सोंगं विसरली. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फँटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं, मग आणखी जळाली. होळी देवळासमोर पेटवतात, देवळाला नव्हे, हे सांगणारं म्हातारं माणूस त्या कंपूत नव्हतं. १० ऑगस्ट १९९३ ला युरोनिमसचा खून झाला. वय पंचवीस. मारणारा वार्ग विकेर्नेस त्याच कंपूतला, त्याच्या बरोबर वाजवणारा. १९९४ मध्ये त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी मेहेमची पहिली पूर्ण लांबीची मुद्रिका बाजारात आली. तिच्यात गिटार आहे मेलेल्याची आणि बास मारणाऱ्याचा. बास काढून टाका अशी युरोनिमसच्या आईवडिलांची विनंती होती. तो तसाच राहिला. ती मुद्रिका संगीत म्हणून डेथक्रशच्या दसपट चांगली आहे असं जाणकार सांगतात, आणि ऐकल्यावर मलाही ते मान्य करावं लागतं. पण मी ती दुसऱ्यांदा लावलेली नाही. एका घरातला मुलगा आणि त्याचा मारेकरी अजून एकाच तालात वाजवताहेत, आणि आपण पाय हलवायचा, हे मला जमलं नाही.

शिमगा गेला तरी कवित्व राहतं म्हणतात, तसं ते राहिलंच. बँड चालू राहिला. त्यांच्या ‘ऑर्डो अ‍ॅड काओ’ला २००७ सालचा स्पेलेमान्प्रिसेन, म्हणजे नॉर्वेतला संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या नावानं बोंब मारली त्यांनीच शाल-श्रीफळ दिलं. वारं इकडेही आलं. मुंबईत २००० साली साहिल मखीजानं ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड काढला. राक्षसी गळ्याचा हा माणूस २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाची मुद्रिका करतो, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, आणि एकीकडे ‘हेडबँगर्स किचन’ म्हणून पाककृतींचा कार्यक्रमही चालवतो. आमच्या हिला ब्लॅक मेटलवाल्यांत हा एकटाच पसंत आहे. मुंबईच्याच ‘सोलर डेइटी’ या बँडच्या एका मुद्रिकेचं नाव आहे ‘स्नोलेस’, म्हणजे बर्फाविना. मुंबईच्या घामात उभं राहून नॉर्वेची थंडी गाणाऱ्यानं हा खुलासा स्वतःहून करावा, याला प्रामाणिकपणा म्हणतात.

डेथक्रशमधला एक तुकडा सांगायचा राहिला. सहावा. नाव ‘वियर्ड मॅनहाइम’, लांबी पाऊण मिनिटाच्या आसपास. सगळी आरडाओरड थांबते आणि ड्रम बडवणारा तो मुलगा उठून चक्क पियानोवर बसतो. काहीतरी वेडंवाकडं, अडखळत, आपल्याशीच वाजवल्यासारखं वाजवतो. पाहुणे गेल्यावर घरातलं पोर कोणी बघत नाहीसं पाहून पेटीवर बोटं फिरवतं, तसं. भाच्याच्या मते हा तुकडा म्हणजे भरताड आहे, सुई उचलून पुढे जायचं असतं. मी त्याला प्रत्येक वेळी तो पूर्ण वाजवायला लावतो.